तळ दिसतो, म्हणजे पाणी स्वच्छ?
हौदाच्या आणि पोहण्याच्या तलावाच्या सफाईतील विज्ञान



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती. आमच्या धाराशिवच्या घरी अंगणातला हौद साफ करण्यासाठी मी एका कारागिराला बोलावले. दोन तासांत काम आटोपले. संध्याकाळी नळाच्या पाण्याने हौद भरला. कारागिराने खिशातून एक रुपयाचे नाणे काढून पाण्यात टाकले आणि म्हणाला, "सर, नाणं दिसतंय बघा तळाचं! आता सहा महिने काळजी नाही." नाणे खरोखरच लख्ख दिसत होते. मी समाधानाने पैसे दिले.

त्याच आठवड्यात घरातील दोघांना जुलाब झाले. ते हौदाच्या पाण्यामुळेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण तसे सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता. पण मनात शंका आली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून क्लोरीन तपासण्याची छोटी पेटी आणली, हौदातील पाणी नळीत घेतले, त्यात रसायन टाकले. रंग आला नाही. पाण्यात क्लोरीनचा मागमूसही नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, की कारागिराने ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली टीसीएल पावडर, 'दोन मुठी' टाकली होती आणि तिचे पोते कित्येक दिवस उघडे पडलेले होते.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने नाण्यावर विश्वास ठेवावा, याची मला लाज वाटली. चूक एकट्या कारागिराची नव्हती. सफाई म्हणजे काय, हे मी त्याला विचारलेच नव्हते. ते आज आपण नीट समजून घेऊ या. तुमच्या घरी हौद किंवा टाकी असेल, एखाद्याच्या शेतघरावर पोहण्याचा तलावही असेल. तो साफ करायला माणूस आला, तर त्याच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरायची?

डोळ्याची मर्यादा

प्रथम नाण्याचा विचार करू. पाणी गढूळ का दिसते? पाण्यात तरंगणारे कण प्रकाश इकडेतिकडे विखुरतात म्हणून. कण पुरेसे असतील तरच हे विखुरणे डोळ्यांना जाणवते. जीवाणू सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा लहान असतो. एका मिलिलिटर पाण्यात लाखभर जीवाणू असले तरी ते पाणी काचेसारखे दिसू शकते. ही संख्या कोटीच्या घरात गेली, की मग कुठे पाणी धुरकट वाटू लागते.

आता पिण्याच्या पाण्याचे मानक पाहा. १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात 'ई. कोलाय' हा विष्ठेतून येणारा जीवाणू एकही सापडता कामा नये. डोळ्याची मर्यादा मात्र १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १०० कोटी! एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला शंभर कोटी. या मधल्या प्रदेशात डोळा आंधळाच असतो. म्हणून तळ दिसणे ही सफाईची खूण आहे, निर्जंतुकतेची नव्हे.

गाळ बसतो, जंतू बसत नाहीत

"पाणी दोन दिवस हलू दिले नाही, की सगळी घाण तळाशी बसते," असे म्हणणारी मंडळी तुम्हाला भेटली असतील. ते कितपत खरे आहे?

संथ द्रवात बुडणारा बारीक गोल कण किती वेगाने खाली जातो, याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडला. तो असा:

वेग = (कणाची व पाण्याची घनता यांतील फरक × गुरुत्वत्वरण × व्यासाचा वर्ग) ÷ (१८ × पाण्याची श्यानता)

श्यानता म्हणजे द्रवाचा चिकटपणा. या सूत्रात व्यासाचा वर्ग आहे, तिकडे लक्ष द्या. कण दहापट लहान झाला, तर वेग शंभरपट कमी होतो. मीटरभर खोल पाण्यासाठी मी गणित करून पाहिले. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण सुमारे दोन मिनिटांत तळ गाठतो. दोन मायक्रॉनच्या मातीच्या कणाला सुमारे तीन दिवस लागतात. एक मायक्रॉनच्या जीवाणूची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. त्याला तेवढेच अंतर कापायला सुमारे सात महिने लागतील! तेही पाणी अगदी निश्चल राहिले तर. प्रत्यक्षात दुपारच्या उष्णतेने आणि बादलीच्या धक्क्याने पाणी हलतच असते. म्हणजे जंतू आपोआप बसतील, ही आशा व्यर्थ आहे.

तुरटी फिरवण्यामागचे शास्त्रही येथे उलगडते. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार नाहीसा करते. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि व्यास वाढल्यामुळे ते लवकर तळाशी जातात. त्या पुंजक्यांबरोबर काही जंतूही जातात, पण सगळे नव्हे. तुरटीने पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही.

हौदाच्या सफाईचे पाच टप्पे

जाणकार कारागीर कामाला लागण्यापूर्वी मोजपट्टी काढतो. ही पहिली अपेक्षा. हौदाची लांबी २.५ मीटर, रुंदी २ मीटर आणि पाण्याची खोली १.६ मीटर असेल, तर घनफळ ८ घनमीटर, म्हणजे ८,००० लिटर. हा आकडा ठाऊक नसेल तर पुढे औषध किती टाकायचे, हे कळणारच नाही. याच वेळी त्याने झाकण नीट बसते का, ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळाला जाळी आहे का, भिंतीला भेग आहे का आणि जवळून सांडपाण्याचा नळ जातो का, हेही पाहावे. झाकण उघडे असेल, तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्या पाण्यात अंडी घालतो. भेगेतून सांडपाणी आत झिरपत असेल, तर कितीही धुतले तरी उपयोग नाही.

दुसरा टप्पा उपशाचा. पाणी अंदाजाने सफाईच्या दिवशीच संपत आणावे, म्हणजे ते वाया जात नाही. तळाशी जे गढूळ पाणी व गाळ राहतो, तो मोटर लावून किंवा बादलीने काढतात. असे पाणी झाडांना घालावे.

तिसरा टप्पा घासण्याचा. भिंतीवरून बोट फिरवले तर बुळबुळीत लागते ना? तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर असतो. त्याच्या आतील जंतूंपर्यंत क्लोरीन सहजी पोचत नाही, शिवाय तो थर क्लोरीन खाऊनही टाकतो. म्हणून ताठ ब्रशाने तो खरवडून काढावाच लागतो. 'न घासता, फक्त पावडर टाकून' सफाई करणारा कारागीर अर्धेच काम करतो.

आपल्या भागातील काळ्या खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे भिंतींवर पांढरे क्षार चढतात. ते काढायला काही जण आम्ल वापरतात. येथे फार सावध राहा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले, की क्लोरीन वायू मोकळा होतो. हा वायू विषारी आहे आणि हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे हौदाच्या तळाशीच, म्हणजे काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडाशी, साठतो. आम्ल वापरले असेल तर ते भरपूर पाण्याने पूर्ण धुऊन, ते पाणी बाहेर काढून, मगच पावडर हौदात न्यावी.

चौथा टप्पा निर्जंतुकीकरणाचा. हे दोन प्रकारे करता येते. एक प्रकार म्हणजे हौद काठोकाठ भरून, त्यात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल एवढी पावडर मिसळून अर्धा दिवस ठेवणे आणि मग सर्व पाणी ओतून देणे. ताज्या, चांगल्या टीसीएल पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. गणित करा: ८,००० लिटरसाठी ४०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे १,२०० ग्रॅम पावडर. वर ८,००० लिटर पाण्याचा निचरा.

दुसरा प्रकार असा: लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीन असलेले तीव्र द्रावण ब्रशाने सर्व भिंतींना व तळाला लावायचे, अर्धा तास ओले ठेवायचे आणि मग थोड्या पाण्याने धुऊन काढायचे. आपल्या हौदाचा आतील पृष्ठभाग सुमारे १९ चौरस मीटर. त्याला साधारण २० लिटर द्रावण पुरते. त्यात ४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १२ ग्रॅम पावडर! एका बाजूला आठ हजार लिटर पाणी, दुसऱ्या बाजूला एक मोठी बादली आणि धुण्यापुरते पाणी. अवर्षणप्रवण जिल्ह्यात कोणता प्रकार निवडावा, हे सांगायला नको. हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि खेळती हवा मात्र या कामात हवीच.

पाचवा टप्पा भरलेल्या पाण्याचा. साधारणपणे १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते, म्हणून ८,००० लिटरला २० ग्रॅम. नळाच्या पाण्यात आधीच पुरेसा क्लोरीन असेल तर तीही लागणार नाही, म्हणून आधी तपासावे. पावडर थेट हौदात टाकू नये. बादलीत तिची पेस्ट करून, पाणी घालून ढवळावे, पाच-दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणीच हौदात ओतावे. मग किमान अर्धा ते एक तास थांबावे. जंतू मरायला क्लोरीन लागतो तसा वेळही लागतो.

शेवटचा शब्द तपासणीचा

टाकलेला सर्व क्लोरीन पाण्यात राहत नाही. काही भाग गाळ, शेवाळ, जंतू यांच्यावर खर्च होतो. उरतो त्याला 'अवशिष्ट क्लोरीन' म्हणतात. तो उरला, म्हणजे खर्चाची बाजू पूर्ण झाली आणि पुढे एखादा जंतू आला तर पहारेकरी हजर आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. निर्जंतुकीकरणानंतर ०.५ च्या आसपास मिळाला तर उत्तम.

तपासणी सोपी आहे. ग्रामपंचायतींत वर्षानुवर्षे ऑर्थोटोलिडिन वापरत आले. त्याने पाणी पिवळे होते. हे रसायन आरोग्याला घातक असल्याच्या संशयामुळे आता अनेक ठिकाणी डीपीडी वापरतात. त्याने गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका क्लोरीन अधिक. पेटीतील रंगपट्टीशी तो ताडून आकडा वाचायचा. पैसे देण्यापूर्वी हा आकडा तुमच्यासमोर वाचला गेला पाहिजे. माझ्या घरी नेमके हेच झाले नव्हते.

हौदात उतरणारा माणूस

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बंद हौद किंवा जुनी विहीर वरून निरुपद्रवी दिसते. पण कुजणाऱ्या गाळामुळे आतील प्राणवायू कमी झालेला असू शकतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला, की ती जागा माणसाला असुरक्षित समजतात. आत उतरलेला माणूस ओरडण्यापूर्वीच कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. अशा दुर्घटनांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

जुनी माणसे कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे खरे. पण कंदील जळत राहिला म्हणजे जागा सुरक्षित, हे खरे नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू कंदिलाला विझवत नाही, माणसाला मात्र मारतो. म्हणूनच चालू डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन हौदात वा विहिरीत कधीही उतरवू नये.

चांगला कारागीर झाकणे तासन्तास आधी उघडतो, पंख्याने ताजी हवा आत सोडतो, जमल्यास वायुमापकाने तपासतो, कमरेला दोर बांधूनच उतरतो आणि एक माणूस सतत वर ठेवतो. यात त्याचा जास्त वेळ गेला, त्याने दोन पैसे जास्त मागितले, तर घासाघीस करू नका. पाणी तुमच्या घरचे असले तरी जीव त्याचा असतो. तुम्ही विद्यार्थ्यांनी स्वतः हौदात उतरायचे नाही, हे वेगळे सांगायला नकोच. कोणी आत पडलेला दिसला तरीही उतरायचे नाही. मदतीला मोठ्यांना हाक मारायची आणि वरूनच दोर ओढायचा.

पोहण्याचा तलाव: पाणी न फेकता सफाई

हौद रिकामा करून धुता येतो. पोहण्याच्या तलावाचे काय? १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल असा छोटा तलाव घ्या. त्यात ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी मावते. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे 'जल जीवन मिशन'चे प्रमाण आहे. त्या हिशेबाने हे पाणी एका माणसाला पावणेचार वर्षे पुरेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी. म्हणजे हा छोटा तलाव एकदा रिकामा करणे म्हणजे त्या गाडीच्या दीड वाघिणी गटारात ओतणे होय.

म्हणून तलावाचा जाणकार पाणी बदलत नाही, तेच पाणी पुन्हापुन्हा शुद्ध करतो. पृष्ठभागावरील पाने जाळीने काढतो, भिंती ब्रशाने घासतो, तळाचा गाळ शोषनळीने ओढतो आणि पंपाने पाणी वाळूच्या गाळणीतून फिरवतो. गाळणी तुंबली, की पाण्याचा प्रवाह उलटा सोडून तिच्यातील घाण बाहेर काढतो.

आता एक प्रश्न. ७५,००० लिटर पाणी गाळणीतून एकदा गेले, म्हणजे सर्व पाणी गाळले गेले का? नाही! तुळजापूरला गोमुख तीर्थाची पडती धार आणि कल्लोळ तीर्थाचे पायऱ्यांचे कुंड मंदिराच्या आवारातच पाहायला मिळतात. धारेतील थेंब एकदाच पुढे जातो, कुंडातील पाणी मात्र आपापसांत मिसळत राहते. तलावातही गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळते आणि काही पाणी दोनदा गाळले जाते, तर काही एकदाही नाही. गणित सांगते, की तलावाएवढे पाणी एकदा फिरले तर सुमारे ३७ टक्के घाण उरते, दोनदा फिरले तर १४, तीनदा ५ आणि चारदा फिरले तर २ टक्के. किरणोत्सर्गी पदार्थाच्या ऱ्हासाचा नियम तुम्ही शिकला असाल. तोच घातांकी नियम येथे भेटतो. 'तासभर मोटर चालवली, झाले' असे म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

तलावाला दुसरे माप सामूचे, म्हणजे पीएचचे. क्लोरीन पाण्यात विरघळला, की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे काम मुख्यतः तेच करते. सामू ७.५ असताना क्लोरीनचा निम्मा भाग या रूपात असतो, सामू ८.५ झाला तर जेमतेम दहावा भाग उरतो. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवतात. क्लोरीनला उन्हाचाही शाप आहे. अतिनील किरणांनी तो झपाट्याने नष्ट होतो, म्हणून तो संध्याकाळी घालणे शहाणपणाचे.

आणि तलावाचा तो उग्र 'क्लोरीनचा' वास? तो बहुधा अतिक्लोरीनचा नसून क्लोरामाइन्सचा असतो. घाम आणि लघवी यांतील पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ती बनतात. वास जास्त, म्हणजे पाणी जास्त शुद्ध, हा समज चुकीचा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी स्वच्छ अंघोळ करण्याचा नियम यासाठीच असतो.

कारागिराला विचारायचे पाच प्रश्न

१. हौदात किती लिटर पाणी मावते?
२. पावडर किती ग्रॅम टाकणार आणि ती ताजी, बंद डब्यातील आहे का?
३. भिंती घासणार का? आम्ल वापरणार असाल तर ते कसे धुणार?
४. आत उतरणाऱ्यासाठी हवा, दोर आणि वर एक माणूस यांची सोय काय?
५. शेवटी अवशिष्ट क्लोरीनचा आकडा दाखवणार का?

दुसऱ्या खेपेस मी दुसऱ्या एका कारागिराला हेच प्रश्न विचारले. तो हसला आणि म्हणाला, "सर, असं कुणी इचारत नाही." पण त्याने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. तपासणीच्या नळीत रंग आला तेव्हा तो माझ्याआधी वाकून बघत होता. जाताना त्याने रंगपट्टीची पेटी कुठे मिळते, हे लिहून घेतले.

करून पाहा

शेतातील काळी माती चिमूटभर घेऊन दोन काचेच्या पेल्यांतील पाण्यात ढवळा. एका पेल्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा. दर दहा मिनिटांनी पेल्यांमागे छापील कागद धरा आणि अक्षरे केव्हा वाचता येतात त्याची नोंद करा. नंतर घरच्या हौदाचे माप मोठ्यांच्या मदतीने बाहेरूनच घ्या, त्यात किती लिटर पाणी मावते ते काढा आणि त्याला किती ग्रॅम पावडर लागेल, ते झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

शिक्षकांना विनंती, की वर्गात एकदा तरी अवशिष्ट क्लोरीनची तपासणी करून दाखवावी. प्रत्येकाने आपापल्या घरचे बाटलीभर पाणी आणावे. सर्व बाटल्या सारख्याच नितळ दिसतील. रंग मात्र सर्वांत सारखा येणार नाही.